ड्रायव्हरच्या बाजूची काच

सुमेधाच्या बोटांना स्पर्श नीट कळत नसे, म्हणून तो प्रकार आधी तिच्या नाकाला कळला.

सकाळची फिजिओथेरपीची अपॉइंटमेंट होती. एका हातात काठी घेऊन ती घराबाहेर आली. मागे अवधूत कुलूप लावत होता. तिनं नेहमीसारखी गाडीच्या डाव्या दाराच्या हँडलखाली बोटं घातली, दार उघडलं आणि आत बसली. गळ्यातला स्कार्फ सारखा केला, कपाळावरची बट मागे सारली. मग वास आला. बुटाला काहीतरी लागलं असेल असं वाटून तिनं वाकून बूट पाहिले. ते स्वच्छ होते. मग तिनं हात पाहिला. बोटांच्या पेरांमध्ये, नखांमध्ये कुत्र्याची घाण भरली होती. स्कार्फला लागली होती. केसांनाही लागली होती.

"अहो," ती म्हणाली, "दाराला हात लावू नका."

सुमेधानं साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये जवळजवळ सगळं आयुष्य काढलं होतं. लोकांचं मलमूत्र, थुंकी, पू, सगळे नमुने तिच्या हाताखालून गेले होते आणि त्यानंतर कँटीनमध्ये बसून ती मजेत सँडविच खायची. घाणीची तिला कधी किळस आली नव्हती, कारण ती घाण आजारी माणसांची होती आणि मदत मागत आली होती. ही घाण मात्र कुणीतरी मुद्दाम, बोटांचा अंदाज घेऊन, हँडलच्या आतल्या बाजूला, वरून दिसणार नाही अशी थापली होती. ती बेसिनपाशी उभी राहून हात धूत राहिली. बोटं बधिर असल्यामुळे घाण निघाली की नाही हे तिला डोळ्यांनीच ठरवावं लागत होतं, आणि डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता. या आजाराचा एक विचित्रपणा असा की एखाद्या दिवशी ती काठीशिवाय बागेत गुलाब छाटायची आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जायलाही अवधूतचा खांदा लागायचा. आजाराचं निदान झाल्यावर तिनं नोकरी सोडली. अवधूत त्याच हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होता, तोही पुढे निवृत्त झाला. शहरातल्या शर्ली भागातल्या त्यांच्या रस्त्यावर घरं एकमेकांना चिकटलेली, कुणालाच गॅरेज नाही, गाड्या रस्त्याच्या कडेला. जागेवरून कायमची कुरबुर. गेल्या वर्षी कौन्सिलनं त्यांच्या दारासमोर पांढऱ्या रंगानं डिसेबल्ड बे, म्हणजे अपंगांच्या गाडीसाठी राखीव जागा, आखून दिली, तेव्हापासून सुमेधाला दारातून गाडीपर्यंत मोजकंच चालावं लागे.

"पलीकडच्या फ्लॅट्समधली पोरं असणार," शेजारची पॉलीन म्हणाली. "मी पाहिलंय त्यांना इथे घुटमळताना."

पॉलीन सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. तिचा नवरा केन फुप्फुसाच्या आजारानं गेला, त्याच्या अंत्यविधीला सुमेधा आणि अवधूत दोघंही गेले होते. रोज सकाळी हातात लांब चिमटा आणि निळी पिशवी घेऊन ती रस्त्यावरचा कचरा उचलायची. चिप्सची पाकिटं, बिअरचे कॅन, लोकांनी झुडपांवर टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या घाणीच्या पिशव्या. सगळा रस्ता तिचं कौतुक करायचा. सुमेधाच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची आणि दर महिन्याला तिचा लेमन केक या घरात यायचा. त्या दिवशी तिनं स्वतः गरम पाण्याची बादली आणली आणि रबरी हातमोजे चढवून गाडीचं हँडल घासून दिलं. सुमेधा खिडकीतून बघत होती. तिचे डोळे भरून आले.

मुलगा गंधार मिल्टन कीन्सला आयटीत होता. जन्म इथलाच. त्यानं व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून घेतलं.

"डिस्गस्टिंग! बाबा, डोअरबेलवाली कॅमेरा घेऊ या. इन्स्टॉल करायला काहीच वेळ लागत नाय. कोण आली की फोनवर दिसते."

"कोण आला की," अवधूत म्हणाला.

"व्हॉटेव्हर, बाबा."

डोअरबेल आली. अवधूतनं चौकटीवर स्क्रू मारून ती बसवली. बॅटरीवर चालणारी, कुणी हललं की जागी होणारी. फोनवर घराची पायरी, फाटक आणि गाडीची डावी बाजू दिसायची. पहिल्याच आठवड्यात पॉलीन चहाला आली तेव्हा सुमेधानं कौतुकानं फोन तिच्यापुढे धरला.

"किती छान!" पॉलीन म्हणाली. ती अर्थातच इंग्रजीत बोलायची आणि प्रत्येकाला 'लव्ह' म्हणायची. "पण लव्ह, रस्त्याकडची बाजू दिसत नाही का?"

"नाही ना. गाडीच आड येते."

"हं," असं म्हणून पॉलीननं बिस्किट चहात बुडवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रस्त्याकडच्या बाजूला, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, किल्लीनं ओढलेला खोल ओरखडा आला. मागच्या दारावर 'फेक' अशी चार इंग्रजी अक्षरं कोरली होती. डोअरबेलमध्ये पाहिलं तर गाडीच्या टपापलीकडे काहीतरी राखाडी हललं होतं, इतकंच. कॅमेरा जागा होईपर्यंत तेही निघून गेलं होतं.

अवधूत संतापला. शाळा सुटायच्या वेळी तो फाटकाशी उभा राहून फ्लॅट्सकडे जाणाऱ्या पोरांकडे डोळे वटारून बघायला लागला. एका मुलीनं थांबून काळजीनं विचारलं, "तुम्ही बरे आहात ना, सर?" तो ओशाळला आणि आत आला.

सुमेधावर त्या अक्षरांचा वेगळाच परिणाम झाला. तिच्या लक्षात आलं की आपण दारातून गाडीकडे जाताना काठीवर जरा जास्त भार टाकतो. बरा दिवस असला तरी पाय ओढत चालतो. आपलं आजारपण खरं आहे हे कुठल्यातरी पडद्यामागच्या डोळ्यांना पटावं म्हणून आपण नाटक करतोय, हे कळल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. गुलाब छाटायला तिनं बागेत जाणं बंद केलं.

"दुसरा कॅमेरा घ्यायचा," अवधूतनं जाहीर केलं. "वरच्या खिडकीखाली, भिंतीत वायर घालून. चोवीस तास रेकॉर्डिंग."

"बाबा, लिसन," गंधार स्क्रीनवरून म्हणाला. त्यानं चांगलाच अभ्यास केला होता. "तेवढ्या वरून फक्त डोक्याचा टॉप दिसेल. हूड घातला तर फिनिश. आणि गाडीची पलीकडची साइड तरी दिसणारच नाय. शिवाय समोरच्यांची घरं रेकॉर्ड होतात, मग बोर्ड लावायला लागते, शेजाऱ्यांना सांगायला लागते."

"मग सांगू की. लपवायचंय काय?"

"पण बाबा, सांगितलं की तो माणूस पण ऐकणार ना?"

अवधूतनं तो नाद सोडला. पुढच्या काचेवर लावतात तो साधा डॅशकॅमही गंधारनं बाद केला, कारण तो पुढचं आणि मागचं बघतो, दारं बघत नाही. शेवटी त्यानं एक शोधून काढला. आरशामागे बसणारा, दोन भिंगांचा. एक भिंग रस्त्याकडे आणि दुसरं गाडीच्या आत बघणारं, इतकं रुंद की दोन्ही बाजूंच्या काचा त्यात येतात. गाडी बंद असतानाही तो चालू राहतो, गाडीच्या बॅटरीवर. बॅटरी फारच उतरली तर आपोआप बंद होतो.

"आणि दाराला हात लावला तर?" अवधूतनं विचारलं.

"हात लावला, गाडी हलली, की सेव्ह. आणि बेस्ट पार्ट, त्याच्या आधीची दोन-चार मिनिटं पण सेव्ह होतात. डोअरबेलसारखा झोपलेला नसतो."

"म्हणजे चेहरा दिसेल?"

"काचेला लागून उभा राहिला तर पासपोर्ट फोटो, बाबा."

शनिवारी गंधार स्वतः गाडी घेऊन आला आणि कॅमेरा बसवून, वायर छताच्या अस्तरात खोचून, आईच्या हातचं थालीपीठ खाऊन गेला. निघताना म्हणाला, "आई, दिस टाइम कोणाला नाय सांगायचं. पॉलीनला पण नाय."

"पॉलीनला सांगितलं तर काय बिघडतं रे?"

"ती नाय करणार काही. पण ती सगळ्यांशी बोलते ना."

हे सुमेधाला पटलं. पॉलीन खरंच सगळ्यांशी बोलायची.

बरेच दिवस काही झालं नाही. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर एक मांजर, पार्सलवाला आणि गाडीला टेकून बुटाची नाडी बांधणारा एक माणूस, एवढंच सापडलं. मग सुमेधाला ताप आला. लघवीच्या जंतुसंसर्गाचा, साधाच. पण या आजारात ताप आला की पाय साथ सोडतात. सकाळी ती न्हाणीघरात कोसळली ती उठेचना. अवधूतला एकट्याला तिला उचलता येईना. त्यानं अँब्युलन्स बोलावली.

तिला खुर्चीत बांधून बाहेर आणलं तेव्हा पॉलीन फाटकाशी उभी होती. धावत घरात जाऊन तिनं सोफ्यावरची शाल आणली आणि सुमेधाच्या पायांभोवती नीट, लहान मुलाला गुंडाळतात तशी खोचली. तिच्या गालावर हात ठेवला.

"काही काळजी करू नकोस, लव्ह. घराकडे मी बघते."

तापाच्या गुंगीतही सुमेधाला त्या कोरड्या, उबदार हाताचा आधार वाटला. अवधूत तिच्याबरोबर अँब्युलन्समध्ये चढला. गाडी बेमध्येच राहिली.

दुपारी तो कपडे आणायला बसनं घरी गेला आणि बसनंच परत आला. वॉर्डमध्ये येऊन खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या हातांना ब्लीचचा उग्र वास येत होता आणि बोटं लाल झाली होती.

"गाडी नाही आणलीत?"

"बॅटरी उतरलीये," तो म्हणाला. मग तिचा हात हातात घ्यायला गेला आणि न घेताच मागे सरला.

घरी सोडलं त्या दिवशीही टॅक्सीच केली. स्वयंपाकघरात ओट्यावर फॉइलनं झाकलेला लेमन केक होता. किल्ली वापरून पॉलीन ठेवून गेली असणार. सुमेधानं फॉइलचं टोक उचललं, तेवढ्यात अवधूतनं ताटली तिच्या हातून ओढून घेतली आणि ताटलीसकट केक कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"अहो! वेड लागलंय का तुम्हाला?"

"बस," तो म्हणाला. "तुला दाखवायचंय. बॅटरी उतरली नव्हती. हॉस्पिटलमध्ये नको म्हटलं."

त्यानं टेबलावर लॅपटॉप उघडला.

गाडीच्या आतून दिसणारं चित्र होतं. रिकाम्या सीटा, लखलखीत सकाळ, ड्रायव्हरच्या बाजूची काच. काचेपलीकडून अँब्युलन्सचा पिवळा रंग सरकत गेला. मग थोडा वेळ रिकामा रस्ता. मग राखाडी कार्डिगन घातलेली पॉलीन चालत आली. हातात तिचा चिमटा आणि निळी पिशवी. तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. पिशवीतून कुत्र्याच्या घाणीची एक छोटी पिशवी काढली, गाठ सोडली, पिशवी उलटी करून हातावर मोज्यासारखी चढवली आणि खाली वाकली. आता तिचा चेहरा काचेला अगदी लागून होता. प्रत्येक सुरकुती दिसत होती. हँडल चित्रात येत नव्हतं, पण तिचा खांदा पुढे-मागे हलत होता, संथपणे, केकच्या भांड्याला लोणी लावावं तसा.

सुमेधा त्या चेहऱ्यावर राग शोधत होती. राग असता तर तिला काहीतरी समजलं असतं. पण तिथे काहीच नव्हतं. जिभेचं टोक ओठांत धरून एकाग्रपणे काम करणारी एक म्हातारी बाई होती. काम झाल्यावर तिनं पिशवी पुन्हा बांधली, निळ्या पिशवीत टाकली. मग ती थांबली. काचेत स्वतःकडे पाहिलं आणि दुसऱ्या, स्वच्छ हातानं केस नीट बसवले. कुणीतरी रस्त्यावरून गेलं असावं, कारण तिनं मान वळवून हसून हात हलवला.

"ही माझी बाजू होती," अवधूत म्हणाला. "म्हणजे तुला हॉस्पिटलात टाकून मी गाडी घ्यायला येणार, हे तिनं आधीच ओळखलं होतं."

सुमेधा उठली आणि भिंत धरत धरत सिंकपाशी गेली. मग तिनं गाल धुतला. पॉलीनचा हात लागलेला गाल. इतक्या दिवसांत नर्सेसनी तो कितीदा पुसला असेल, तरी पुन्हा धुतला. शाल हॉस्पिटलच्या पिशवीत होती. ती तिनं अवधूतला बाहेर काढायला लावली आणि केकवर, त्याच डब्यात टाकायला लावली. मऊ, अस्सल पश्मिना शाल होती ती.

संध्याकाळी बेल वाजली. डोअरबेलच्या चित्रात पॉलीनचा हसरा चेहरा होता.

"मी बघतो," अवधूत म्हणाला.

"नाही. मी जाते."

वॉकर ढकलत ती दारापर्यंत गेली. अवधूत मागे उभा राहिला, तिला पडू देणार नाही इतक्या अंतरावर.

"आलीस घरी! केक मिळाला ना, लव्ह?"

"आम्ही पाहिलं, पॉलीन," सुमेधा म्हणाली. "गाडीत कॅमेरा आहे. अँब्युलन्स गेल्यावर तू काय केलंस ते सगळं दिसतंय."

पॉलीनचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"मला नाही कळत तू काय म्हणतेस."

"दाखवू का?"

पॉलीननं कार्डिगनची बटणं चाचपली. मग तिचा आवाज खाली आला, पण घाबरलेला नव्हता. उलट बऱ्याच दिवसांचं मनातलं बोलायला मिळाल्यासारखा होता.

"तुला चालता येतं. मी बघते ना खिडकीतून. गुलाब छाटतेस. वाकतेस, उभी राहतेस. माझ्या केनला श्वास घेता येत नव्हता. पार कोपऱ्यावर गाडी लावून तो ऑक्सिजनचं नळकांडं ओढत चालत यायचा. त्यानं कधी काही मागितलं नाही. कुणाकडेच नाही. तुम्ही लोक येता आणि मागता, आणि तुम्हाला सगळं मिळतं."

'तुम्ही लोक' हे शब्द सुमेधानं या देशात अनेकदा ऐकले होते. बसमध्ये, दुकानात, एकदा लॅबमध्येसुद्धा. पण ज्या बाईला चहात किती साखर लागते हे आपल्याला ठाऊक आहे तिच्याकडून ते ऐकताना तिला वाटलं, आपण या दारात नव्हे, कुठल्यातरी सडलेल्या गोष्टीत पाय देऊन उभे आहोत.

"केननं मागितलं असतं तर मी स्वतः त्याचा फॉर्म भरून दिला असता," ती म्हणाली. "मला एकच सांग. त्या सकाळी तू माझ्या पायांवर शाल का घातलीस?"

पॉलीनला प्रश्नच समजला नाही. तिनं खरोखर गोंधळून सुमेधाकडे पाहिलं.

"तुला थंडी वाजत होती, लव्ह," ती म्हणाली.

सुमेधानं हात पुढे केला. "आमची किल्ली."

पॉलीननं खिशातून किल्ली काढली. ती सुमेधाच्या तळहातावर पडली ते तिला कळलं नाही, फक्त दिसलं. अवधूतनं पेपर टॉवेलमध्ये ती उचलली आणि दार लावलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं कुलूपच बदलून टाकलं.

पोलिसांकडे तक्रार केली. एक तरुण ऑफिसर येऊन व्हिडिओ बघून गेली. बघताना तिनं एकदा तोंडावर हात ठेवला. पॉलीननं कबूल केलं, गाडीचा रंग तिच्या खर्चानं झाला आणि पुन्हा तक्रार आली तर प्रकरण कोर्टात जाईल अशी समज तिला मिळाली. एवढ्यावर ते मिटलं. म्हणजे पोलिसांच्या दृष्टीनं मिटलं.

रस्त्याच्या दृष्टीनं मात्र अवधूत आणि सुमेधाच थोडे चुकले होते. समोरच्या घरातले गृहस्थ अवधूतला म्हणाले की बिचारी एकटी आहे, दुःखात माणूस काहीबाही करतो, पोलिसांपर्यंत जायला नको होतं. महाराष्ट्र मंडळातली वरदा भेटायला आली. तिनंही सगळं ऐकून सुस्कारा सोडला.

"जाऊ दे ना सुमेधा. म्हातारी आहे. किती दिवस मनात ठेवणार?"

"मनात नाही गं ठेवलं," सुमेधा म्हणाली. "बोटांत होतं. नखांत होतं. तू केसांतून काढून बघ, मग सांग किती दिवस लागतात."

वरदानं हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विषय बदलला.

घर विकून मिल्टन कीन्सला या, असं गंधार दर रविवारी सांगायचा. "आई, इथे ड्राइव्हवे आहे. तुला काय प्रूव्ह करायची गरज नाय." सुमेधा म्हणायची, बघू. बरा दिवस आला तेव्हा तिनं छाटणीची कात्री काढली आणि काठी न घेता बागेत गेली. शेजारच्या वरच्या खिडकीतला पडदा हलला. तिनं वर पाहिलं नाही. गुलाब फार वाढले होते, ते सगळे कापून होईपर्यंत ती उभी राहिली. नंतरचे दोन दिवस तिला अंथरुणातच काढावे लागले.

पॉलीन अजूनही रोज सकाळी चिमटा आणि निळी पिशवी घेऊन निघते. लोक अजूनही तिला थांबून धन्यवाद देतात. परवा अवधूत दूध आणायला बाहेर पडला आणि लगेच परत आला, तोंड वाकडं करून, पिशवी रिकामीच.

"काय झालं?" सुमेधानं विचारलं.

"ती फाटकाशी होती. 'मॉर्निंग, लव्ह' म्हणाली," तो दाराला टेकून म्हणाला, "आणि मी... मीही 'मॉर्निंग' म्हणालो. सवयीनं. तोंडातून निघूनच गेलं गं."

त्याचा चेहरा इतका कसनुसा झाला होता की सुमेधाला त्याची दया आली.

"चूळ भरून या," ती म्हणाली.

आणि तो खरोखरच आत जाऊन चूळ भरायला लागला.